हौदाची किल्ली

३० मार्च, रविवार

आज शेखर पाळकांनी उपदेशात सेवकपणाचा विषय घेतला. पाळक वयाने लहान, माझ्या पियुषपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे असतील, पण बोलतात बरे. प्रभूने स्वतः वाकून शिष्यांचे पाय धुतले, मग तुम्ही-आम्ही कोण मोठे लागून गेलो, असा एकूण सूर. खरा सेवक न सांगता काम उचलतो आणि केलेलं बोलून दाखवत नाही, म्हणाले. शेवटी त्यांनी मंडळीला विचारलं, या उन्हाळ्यात कोणतं घर कोणती सेवा अंगावर घेणार?

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी उभी राहिले. जन्मभर शाळा चालवली आहे, हात वर करायला मला वेळ लागत नाही. म्हटलं, चर्चच्या फाटकाबाहेर आमच्या घरातर्फे पाणपोई, रामरावांच्या नावाने. टाळ्या पडल्या. सेवकपणात सुभद्रा तायडे कुणाच्या मागे राहणार नाही, हे मंडळीला एकदा कळलेलं बरं.

रामराव अकोला स्टेशनवर नोकरीला होते. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशीसुद्धा बादली घेऊन फलाटावर जायचे आणि डब्यांच्या खिडक्यांतून लोकांच्या बाटल्या भरून द्यायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पाणपोईच त्यांना शोभेल.

३ एप्रिल

फ्लेक्सवाल्याने घोळ घातला. 'ख्रिस्तवासी रामराव तायडे यांच्या स्मरणार्थ' असं लिहून दिलं होतं, त्याने सवयीने 'कै.' छापलं. परत छापायला लावलं. दुसऱ्या खेपेला मजकूर बरोबर आला, पण खाली माझा फोटो रामरावांच्या फोटोपेक्षा मोठा झाला आहे. आता पुन्हा कुठे त्याच्याशी वाद घालणार, म्हणून राहू दिला. फोटो तसा चांगला आलाय.

सुनेला फ्लेक्स दाखवला. जुईली म्हणाली, "छान हाये आई. पण रांजण रोज भरन कोण?"

मी म्हटलं, "मंडळी आहे ना. मी पाळ्या लावून दिल्या आहेत. रोज एक घर."

"बरं," म्हणाली आणि डबा घेऊन कामावर गेली. ती कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला आहे. वरुडची मुलगी, संत्र्याच्या बागा असलेल्या घरची. पियुषने तिच्याशी कोर्टात लग्न केलं तेव्हा मी महिनाभर नीट जेवले नव्हते. रामरावांनी मात्र पहिल्याच दिवशी तिच्या हातचा चहा मागून घेतला आणि तेव्हापासून ती त्यांना आबा म्हणायची. ती उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते. बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मुलगी वाईट नाही, पण आपलं वळण नाही.

६ एप्रिल, रविवार

उद्घाटन झालं. फीत मी कापली. दोन मोठे रांजण, खाली वाळू, भोवती ओलं पोतं, वर हिरवी जाळी, पाण्यात वाळ्याची पुरचुंडी. ओगराळ्याला लांब दांडा आणि पेल्याला साखळी, कारण लोकांचा भरवसा नाही. पाळकांनी प्रार्थना केली. चर्चसमोर राहणारे कमलाकांत वकीलसुद्धा आले होते. त्यांचं कुळ पुरोहितांचं, पण आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. पहिला पेला त्यांनाच दिला. पिऊन म्हणाले, "बाई, पाणी गोड आहे. दहा दिवसांनी पुन्हा येतो बघायला." त्यांच्या बोलण्यात नेहमीच असा एक खडा असतो.

समोर लिंबाखाली काकड्या विकायला बसणारी मैनाबाई तिथल्या तिथे तीन पेले प्यायली. मला फार बरं वाटलं. फाटकाशी उभं राहून मी मोजके का होईना, पण चांगले फोटो काढून घेतले.

१२ एप्रिल

फिरून आले. दोन्ही रांजण काठोकाठ भरलेले! वकिलांना मुद्दाम हाक मारून दाखवले. "अहो, आमच्या मंडळीत शिस्त आहे," म्हटलं. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि "दिसतेच आहे," म्हणून आत गेले. हरलेला माणूस असाच गप्प होतो.

चंद्रभान साळव्यांना फोन केला. काल त्यांची पाळी होती. विचारलं, "रांजण भरला होता ना?" म्हणाले, "हो बाई, भरलेला व्हता. गच्च." मी शाबासकी दिली.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

तीन तासांची उपासना. माझा उपवास. ऊन मी म्हणत होतं. उपासनेनंतर सगळी मंडळी पाणपोईवर, आणि रांजण गार आणि भरलेले. एक बाई म्हणाली, "तायडेबाई, तुमच्यासारख्या तुम्हीच." मी काहीच बोलले नाही. नम्रता ठेवावी लागते.

जुईली उपासनेला उशिरा आली. तेही ओढणीचं टोक ओलं. आजच्या दिवशी तरी वेळेवर यावं ना माणसाने.

२४ एप्रिल

घरात पाण्याचं काहीतरी चुकतंय. नळ येतो चार-पाच दिवसांनी. अंगणातला हौद भरला की आम्हा तिघांना पुरून उरायला हवा. पियुष तर औषध कंपनीच्या कामाने अर्धा आठवडा बाहेरगावीच असतो. तरी नळाच्या आदल्या दिवशी हौदाचा तळ दिसतो. रामराव असताना असं कधी झालं नाही.

माझा संशय त्या संत्र्याच्या कलमावर आहे. जुईलीने माहेरून आणलेलं, अंगणात कुंडीत लावलेलं. माहेरचं म्हणून लाडाने हंडाच्या हंडा ओतत असणार. बागाईतदाराच्या पोरीला पाण्याची किंमत काय कळणार! शिवाय सकाळी माझी प्रार्थना चालू असते तेव्हा ही फिरायला जाते आणि येताना घामाघूम, हात लाल. एवढं कसलं फिरणं?

आणखी एक. माझी पितळी घागर माळ्यावरून कुणीतरी खाली काढली आहे आणि चिंचेने घासून लख्ख केली आहे. विचारलं तर जुईली म्हणाली, "पडून होती, म्हून काढली." बरं झालं, घागर छान दिसते.

२९ एप्रिल

आज बोलले. बोलायलाच हवं होतं.

हौदात हात घातला तर कोपरापर्यंतसुद्धा पाणी नाही. नळ परवाच येऊन गेलेला. जुईलीला बोलावलं आणि म्हटलं, "हे पाणी जातं कुठे?"

म्हणाली, "आई, वाया नाई गेलं. एवढंच सांगते."

"वाया नाही गेलं तर गेलं कुठे? त्या कुंडीत?"

तिने कुंडीकडे पाहिलं. मीही पाहिलं. कलमाची पानं वळून गेलेली, अर्धी गळलेली. मला राग आला. म्हणजे इतकं पाणी घालून रोपही नीट जगवता येत नाही!

"वरुडला तुमच्याकडे विहिरी असतील," मी म्हटलं. "इथे पेल्या-पेल्याचा हिशेब असतो. आपल्या घरातलं माणूस असतं तर त्याने जपून वापरलं असतं."

ती एकदम ताठ झाली. "मंग मी कोण हाओ, आई? पाहुणी?"

पियुष दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं. तो म्हणाला, "आई, मला कंपनी अमरावतीला बदली देतेय. मी नाही म्हणणार होतो. आता विचार करतो." जुईलीनेही त्याला अडवलं नाही.

मग जा, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. ते गेले तर या घरात मी आणि रामरावांचा फोटो, एवढंच उरेल. पण म्हणून शिस्त सोडायची का? संध्याकाळी बाजारातून कुलूप आणलं आणि हौदाच्या झाकणाला घातलं. घरात लागेल तेवढं पिण्याचं पाणी मी स्वतः काढून देते. किल्ली माझ्या कमरेला.

३ मे

घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. हौद मात्र अर्ध्याहून जास्त भरलेला! माझा अंदाज बरोबर निघाला.

पाणपोईचे रांजणही भरलेले. अकोल्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेलाय, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि रामरावांच्या नावाचं पाणी आटत नाही. छाती भरून येते. पाण्याला आता वेगळी चव आहे, जरा मचूळ, विहिरीसारखी. कुणाच्या तरी घरी बोअर असेल. पाळी इमानाने करतात, हे महत्त्वाचं.

मैनाबाई म्हणाली, "बाई, तुमची सून लय गुणाची हाये वो."

म्हटलं, "काकड्या घेते वाटतं तुझ्याकडून?"

मैनाबाई हसली. "घेते ना माय. काकड्याबी घेते."

या लोकांना दोन गोड शब्द बोललं की पुरे.

९ मे, अमरावती

महिला संमेलनासाठी तीन दिवस इथे. उतरले आहे धाकट्या बहिणीकडे, ताराकडे. येताना घरी पिण्याचं पाणी हंडे भरून ठेवलं आणि किल्ली सोबत घेतली. पियुष म्हणाला, "आई, किल्ली तरी ठेवून जा." म्हटलं, तीन दिवसांचं पाणी ठेवलंय, आणखी कशाला हवी?

आज मला साक्ष द्यायला उभं केलं. सेवकपण रोजच्या जीवनात कसं आणावं, यावर बोलले. पाणपोईचं सगळं सांगितलं: पाळ्या, शिस्त, एकदाही कोरडा न पडलेला रांजण. मोठं सभागृह, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला. माईकची मला कधीच गरज पडली नाही. नंतर बायका भेटायला रांग लावून उभ्या होत्या.

ताराने रात्रीच्या भाज्या निवडताना विचारलं, "ताई, रोज भरतं कोण गं खरंच?"

"मंडळी."

"म्हणजे कोण? नावं सांग ना. पाणी भरताना कुणाला पाहिलंस?"

मी नावं सांगायला लागले आणि थांबले. पाळ्या मला पाठ आहेत, पण भरताना असं कुणालाच पाहिलेलं नाही. सकाळच्या वेळी माझी प्रार्थना असते. ताराला म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. ती म्हणाली, "मी फक्त इचारलं बापा."

घरी फोन केला. पियुषने उचलला. जुईलीचा खांदा दुखतोय म्हणे, पडून आहे. पडून राहायला काय झालं?

१२ मे

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

सकाळची पहिली बस धरून अकोल्याला आले. ऑटोवाल्याला सांगितलं, आधी चर्चकडे घे. अमरावतीत एवढं कौतुक झालेली आपली पाणपोई डोळे भरून पाहावी, असं मनात होतं. कोपऱ्यावरच उतरले.

कमलाकांत वकिलांच्या फाटकातून जुईली बाहेर आली. कमरेवर माझी पितळी घागर. दुसऱ्या हातात बादली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. एक खांदा खाली झुकलेला, दुखऱ्या बाजूचा. रस्ता ओलांडून ती पाणपोईशी आली, आधी रांजणाचं तोंड पुसलं, वर पांढरं फडकं बांधलं आणि घागर हळूहळू गाळून ओतली. मग साखळीचा पेला घासला. मग पोत्यावर पाणी शिंपडलं. बादलीच्या तळाला उरलेलं पाणी मैनाबाईच्या काकड्यांच्या टोपलीवर मारलं आणि पुन्हा वकिलांच्या फाटकात शिरली. अशी ती किती खेपा करते, देव जाणे. मी लिंबाच्या बुंध्यामागे उभी राहिले.

मैनाबाईने मला पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "पह्यल्या हप्त्यापासून रोज येते बाई. आंधी तुमच्या घरून आणे. आता त्या वकिलाच्या हिरीवरून वढते. पोरीचे हात पाहा एकदा."

हौदाची किल्ली माझ्या कमरेला होती. लिहितानाही तिथेच आहे आणि टोचते आहे.

घरी येऊन बॅग ठेवली आणि त्या कलमासमोर बसून राहिले. माहेरचं रोप. त्याला तिने थेंबही घातला नसणार. तिच्या वाटणीचं पाणीसुद्धा रामरावांच्या रांजणात गेलं. आणि मी काय म्हटलं होतं? आपल्या घरातलं माणूस असतं तर. मला माझीच लाज वाटते, आणि लाज वाटायची मला सवय नाही.

१३ मे

वकिलांकडे गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "पंप जळलाय माझा, म्हणून बिचारी दोराने ओढते. मी म्हटलं, पोरी, तुझ्या सासूला सांगतो. तर मलाच दम दिला. म्हणाली, सांगाल तर तुमच्या विहिरीवर पाय ठेवणार नाही, नदीवरून आणीन. मी जन्मभर कोर्टात उलटतपासणी घेतली बाई, पण तिच्यापुढे माझं काही चाललं नाही."

मग चंद्रभान साळव्यांना गाठलं. सरळ विचारलं, "तुम्ही एकदा तरी रांजण भरलात का?"

ते कान खाजवायला लागले. "बाई, खोटं कायले बोलू? पाळीच्या दिवशी बादली घेऊन गेलो, तं रांजण गच्च. दुसऱ्या खेपेलेबी गच्च. मले वाटलं, तुमीच भरून राहिल्या. साऱ्याइलेच तसं वाटते. म्हून तं येत्या रविवारी तुमचा सत्कार ठेवला ना पाळकसाहेबांनी."

सत्कार! शाल, फुलं, मंडळीपुढे दोन शब्द. महिनाभरापूर्वी हे ऐकून मी नवी साडी काढली असती. खरं सांगायचं तर आजही क्षणभर साडीच डोळ्यांपुढे आली.

१४ मे

दुपारी जुईली कामावरून लवकर आली. मी म्हटलं, "हात दाखव."

तिने हात मागे घेतले. मी शाळेत मुलींचे हात बघायचे तसे धरून उलटे केले. तळव्यावर दोराचे वळ, दोन ठिकाणी फोड फुटलेले. मी खोबरेल तेल आणलं आणि लावत बसले. मग मीच म्हणाले, "मी परवा लिंबामागे उभी होते."

तिचे डोळे मोठे झाले. "वकीलसाहेबांनी सांगतलं?"

"कुणीही सांगितलं नाही. मी पाहिलं. का सांगितलं नाहीस मला? मी कुलूप घातलं तेव्हा तरी बोलायचं होतंस."

तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आबा दवाखान्यात व्हते तवा दुपारची मी बसत जाओ त्यांच्यापाशी. तुमी घरी येऊन जेवत होत्या. आबा मले सारखं पाणी मागत. डॉक्टरनं थेंबबी देऊ नका म्हटलं होतं. मी नाई देलं. आबा म्हणत, पोरी, घोटभर तं दे. मी तोंड फिरवून बसो. त्यांनी जल्मभर साऱ्या दुनियेले पाणी पाजलं, आन् त्यांले मी नाई देलं, आई." तिचा आवाज फाटला. "मंग त्यांच्या नावाचा रांजण कोरडा कसा पाहू? पह्यल्याच हप्त्यात पाह्यला मी कोरडा. मैनाबाई खाली ओगराळं खरडून राहिली व्हती. त्या दिवसापासून मीच भरलं."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शेवटच्या दिवसांत रामरावांनी पाणी मागितलं, हे मला माहीत नव्हतं. मी तिला जवळ ओढलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा मला कळलं की हे मी पहिल्यांदाच करते आहे. दोघी रडलो. मी म्हटलं, "तू बरोबर केलंस. तू दिलं असतंस तर ते तेव्हाच गेले असते. आणि माझं चुकलं." हे दोन शब्द जड आहेत, पण निघाले.

मग मी सांगितलं की रविवारी मंडळीपुढे उभी राहून तिचं नाव घेणार. ती चटकन उठली.

"नाई आई. बिलकुल नाई. पाळीवाल्याइले किती लाज वाटन. मंग ते कधीच येणार नाईत रांजणापाशी. अन् मी काई नावासाठी नाई केलं. तुमाले आबाची शपथ हाये."

रामरावांची शपथ मोडता येत नाही. पण शपथ नाव घेण्याबद्दल आहे. मी शाळा चालवलेली बाई आहे, वाटा मला सापडतात.

किल्ली कमरेची काढली आणि तिच्या ओढणीच्या टोकाला बांधून दिली. कुलूप उघडून अंगणातल्या खिळ्याला अडकवून ठेवलं.

१८ मे, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, कारण हा दिवस मला कधीच विसरायचा नाही.

सकाळी जरीची साडी नेसले. जुईलीला म्हटलं, तू पुढे जाऊन जागा धर, मी येतेच. ती नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसली. पियुष तिच्या शेजारी. गायन सुरू झालं तसं मी हौदातून घागर भरली, कमरेवर घेतली आणि चर्चच्या फाटकाशी आले. घागर कमरेवर घेऊन चालायची सवय तुटून जमाना झाला. निम्मं पाणी साडीवरच गेलं. मैनाबाई टोपली सोडून धावत आली. "बाई, तुमी कावून? पोरगी कोठी हाये?"

"आत आहे. आज तिला आतच राहू दे," म्हटलं आणि फडकं बांधलं.

दारं-खिडक्या उघड्या असल्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. उपदेश झाला. मग पाळकांनी माझ्याबद्दल पाच मिनिटं बोलून घेतलं. खोटं कशाला लिहू, कान देऊन ऐकलं. जे जे ते माझं म्हणून सांगत होते ते ते सगळं जुईलीचं होतं: न सांगता उचललेलं काम, न केलेली कुरकुर, न बोललेला शब्द. मी बाहेर ओगराळ्याने पाणी वाढत होते आणि ऐकताना माझी मान ताठ होत होती, तिच्यासाठी.

"तायडेबाईंनी पुढे यावं," पाळक म्हणाले.

मी दुसरा रांजण पुसायला घेतला.

कुजबुज झाली. बाई कुठे, बाई कुठे. मग पाळक म्हणाले, जसं ते म्हणतील असं मी धरून चालले होते तसंच: "घरचं कुणी आहे का? त्यांच्या वतीने शाल घ्यायला?"

पियुषने उठायला हवं होतं. पण त्याच्या कानात मी सकाळीच एक गोष्ट घालून ठेवली होती, तो बसून राहिला आणि बायकोला कोपराने ढोसलं. खिडकीतून मी पाहिलं. जुईली उठली. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत मधल्या वाटेने चालत गेली, ओढणी सावरत, लाल झालेल्या चेहऱ्याने. सगळी मंडळी वळून बघत होती. पाळकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, दुखऱ्या खांद्यावर, आणि हातात फुलं दिली. टाळ्या इतक्या वाजल्या की लिंबावरची पाखरं उडाली. नाव कुणीही घेतलं नाही. शपथ शाबूत.

मैनाबाईने बाहेर एकटीने टाळ्या वाजवल्या. तिला आणि मलाच माहीत होतं त्या कुणासाठी आहेत. आणि रस्त्यापलीकडे ओट्यावर उभ्या असलेल्या वकिलांना.

उपासना सुटल्यावर जुईली तरातरा बाहेर आली. एवढ्या उन्हात खांद्यावर शाल. मला ओल्या जरीत, घागर घेऊन उभी पाहिलं आणि तिथेच थबकली.

"आई! हे काय करून राहिल्या तुमी?"

"पाणी भरते आहे. तुला दिसत नाही?"

"तुमचा सत्कार व्हता ना!"

"झाला की. मी पाहिला," म्हटलं.

तिला कळलं. ती हसायला लागली, मग तोंड शालीत लपवलं. मागून मंडळी बाहेर येत होती. मुख्याध्यापक बाईंना घागरीसकट पाहून सगळे उभे राहिले. चंद्रभान साळवे पुढे आले, माझ्या हातातली घागर घेतली आणि कुठून भरायची ते विचारलं. गडबडीत जुईलीचा हात ओढणीच्या गाठीतल्या किल्लीकडे गेला. मी म्हटलं, "कुलूप नाही आता. झाकण उघडंच आहे."

२६ मे

गेला आठवडाभर चार-पाच घरं खरोखर पाण्याला येत आहेत. बाकीची अजून येतील किंवा येणार नाहीत. ज्या दिवशी कुणी नसेल त्या दिवशी घागर माझ्याकडे आणि बादली जुईलीकडे. खांदा बरा होईपर्यंत तिला घागर उचलू देत नाही, त्यावरून रोज वाद होतो.

कलमाला मी धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी घालते. आज बुंध्याशी बोटभर हिरवं फुटलेलं दिसलं. जुईलीला बोलावून दाखवलं. ती खाली बसून बघतच राहिली.

पियुष अमरावतीच्या बदलीचं पत्र घेऊन आला. काय कळवू, म्हणून दोघींकडे पाहिलं. जुईली म्हणाली, "आपण गेल्यावर आबाच्या रांजणाचं काय? आईले एकटीले जमन का? अर्धं पाणी तं साडीवरच सांडवते."

पियुषने पत्र घडी करून खिशात ठेवलं.

नवीन फ्लेक्स छापायला दिलाय. त्यावर फक्त रामराव आहेत. फ्लेक्सवाल्याने विचारलं, बाई, तुमचा फोटो? म्हटलं, नको.

रामराव, तुम्ही मला दहादा सांगितलं होतं की पोरगी सोन्यासारखी आहे. मी ऐकलं नाही. आता साऱ्या अकोल्याला ओरडून सांगावंसं वाटतं आणि तिच्या शपथेने तोंड बांधलंय, म्हणून इथे लिहिते: ती माझ्या घरातलं माणूस आहे. तिला शोधलं पियुषने, हे खरं. पण पोराला नजर दिली कुणी? माझंच पोर ना ते.